म्हातारपणाचं आरोग्य जिन्यात आणि संडासात ठरतं

वय झालेल्या माणसाला सल्ल्यांची वाण नसते. रोज चाला, मीठ कमी करा, पाणी भरपूर प्या, चार माणसांत मिसळा. सल्ले बरोबरच आहेत. पण चालायला बाहेर पडायचं तर तीन मजले उतरावे लागतात आणि परत चढावेही लागतात. पाणी भरपूर प्यायलं तर बाजारात लघवीला जायचं कुठे, हा प्रश्न असतो. मिसळायचं तर इमारत पुनर्विकासाला गेल्यामुळे ओळखीचा शेजार गावभर पांगलेला असतो. सल्ला माणसाला दिला जातो, तो पाळता येईल की नाही हे मात्र त्याच्या भोवतालावर अवलंबून असतं. हा भोवताल घडवणारे बिल्डर, महापालिका, एसटी महामंडळ, ग्रामपंचायत, तहसील कार्यालय म्हातारपणाच्या आरोग्याच्या चर्चेत कुठेच दिसत नाहीत. त्यांना त्या चर्चेत ओढून आणलं पाहिजे, असं आमचं म्हणणं आहे.

जागतिक आरोग्य संघटनेने २०१५ च्या आपल्या अहवालात निरोगी वार्धक्याची व्याख्या करताना ‘आजार नसणं’ हा निकष बाजूला ठेवला. माणसाला जे करणं मोलाचं वाटतं ते करता येणं, म्हणजे निरोगी वार्धक्य. ही क्षमता दोन गोष्टींतून येते: शरीरात शिल्लक असलेली ताकद आणि आजूबाजूची परिस्थिती. गुडघे सारखेच झिजलेल्या दोन बायका घ्या. एक लिफ्टच्या इमारतीत राहते आणि रोज भाजी आणायला खाली जाते. दुसरी म्हाडाच्या लिफ्ट नसलेल्या जुन्या इमारतीत तिसऱ्या मजल्यावर राहते आणि महिन्यातून एकदा, तेही दवाखान्यासाठी, खाली उतरते. एक्स-रे सारखा असला तरी पाच वर्षांनी त्यांची तब्येत सारखी राहत नाही. २०११ च्या जनगणनेत महाराष्ट्रात साठीपुढची माणसं १ कोटी ११ लाखांच्या घरात होती, लोकसंख्येच्या ९.९ टक्के. आता ती बरीच वाढली आहेत, आणि त्यांतल्या किती जणांना दुसऱ्या बाईचं म्हातारपण येणार हे आपल्या बांधकामांवर ठरणार आहे.

जिन्यापासून सुरुवात करू. सुगम्यतेच्या सरकारी मार्गदर्शक तत्त्वांनुसार पायरीची उंची जास्तीत जास्त १५० मिलिमीटर आणि पाऊल ठेवायची रुंदी किमान ३०० मिलिमीटर हवी. जुन्या इमारतींत उंची १८०-१९० पर्यंत सहज जाते, कारण जिन्याला जागा कमी द्यायची असते. मजला तीन मीटरचा धरला तर तिसऱ्या मजल्यापर्यंत नऊ मीटर चढायचं आहे. ते १५० च्या साठ पायऱ्यांत चढायचं की १९० च्या सत्तेचाळीस पायऱ्यांत, हा फरक मांडीच्या पुढच्या स्नायूंना कळतो. तरुणपणी कमी पायऱ्या बऱ्या वाटतात. सत्तरीनंतर प्रत्येक उंच पायरीला कठड्याला धरून अंग वर ओढावं लागतं आणि कठडा बहुतेक ठिकाणी एकाच बाजूला असतो. अर्धांगवायूने डावी बाजू गेलेल्या माणसाला चढताना उजवीकडे असलेला कठडा उतरताना नेमका डावीकडे येतो. म्हणून कठडा दोन्ही बाजूंना हवा, साधारण ९०० मिलिमीटर उंचीवर, आणि शेवटची पायरी संपल्यानंतरही फूटभर पुढे गेलेला. बरेच लोक पडतात ते शेवटच्या पायरीवरच, कारण जिना संपला असं वाटून हात सुटलेला असतो आणि एक पायरी शिल्लक असते. पायरीच्या कडेला दोन इंचांचा पिवळा किंवा पांढरा पट्टा रंगवला तर मोतीबिंदू झालेल्या डोळ्यालाही कड दिसते. एका इमारतीचं हे काम रंगाच्या एका छोट्या डब्याचं आणि एका दुपारचं आहे.

जिन्याच्या भीतीने माणूस घरात बसला की स्नायू वापराअभावी उतरायला लागतात, आणि म्हाताऱ्या शरीरात हे फार लवकर होतं. निरोगी वृद्धांना दहा दिवस अंथरुणात ठेवून केलेल्या एका अमेरिकी अभ्यासात प्रत्येकाच्या पायांतला सरासरी जवळपास एक किलो स्नायू कमी झाला होता. घरात बसून राहणं म्हणजे अंथरुणात पडणं नव्हे, पण दिशा तीच असते. आधी उतरणं बंद होतं, मग उतरता येत नाही, आणि मग ‘आईला आता झेपत नाही’ असं म्हटलं जातं. झेपत नाही हे खरंच असतं. ते वयाने आलं की जिन्याने, हे कोणी विचारत नाही.

संडासाबद्दल सविस्तर बोलायला हवं, कारण म्हातारपणातली बरीच पडझड तिथे किंवा तिथे जाण्याच्या वाटेवर होते. रात्री दोन-तीनदा लघवीला उठावं लागतं. रक्तदाबाच्या काही गोळ्यांमुळे झटकन उभं राहिलं की दाब उतरतो आणि डोळ्यांपुढे अंधारी येते. दिव्याचं बटण दारापाशी, म्हणजे खाटेपासून लांब असतं. मोरी खोलीपेक्षा दोन-चार इंच खाली असते आणि दोन्हीकडे एकाच रंगाची फरशी असल्यामुळे ती पायरी दिसत नाही. वर फरशी साबणाच्या पाण्याने ओली. यातली एकेक गोष्ट एरवी निभावून जाते, रात्री दोन वाजता सगळ्या एकदम येतात आणि खुब्याचं हाड मोडतं. उपाय साधे आहेत. खाटेच्या कडेला मिनिट-दोन मिनिटं बसून मग उठायचं. खाटेपासून संडासापर्यंतच्या वाटेवर रात्रभर एक बारीक एलईडी दिवा चालू ठेवायचा. लघवी वाढवणारी गोळी संध्याकाळी घेत असाल तर ती सकाळी चालेल का, हे डॉक्टरांना विचारायचं. वाटेवरचं पायपुसणं उचलून टाकायचं, कारण कडा वळलेलं पायपुसणं ओल्या फरशीइतकंच घातक असतं.

आधाराच्या दांडीबाबत सर्वांत जास्त चुका होतात. ती बसवली जाते बाथरूमच्या चार इंची भिंतीत किंवा हलक्या सिमेंट ब्लॉकच्या भिंतीत, प्लास्टिकचा गिट्टा आणि दीड इंची स्क्रू वापरून. टॉवेल टांगायला हे पुरतं. सत्तर किलोचं माणूस तोल जाताना हिसका देतं तेव्हा दांडी भिंतीतून निघून हातात येते, आणि दांडी नसती तर ज्या जागी माणूस जपून वागलं असतं तिथे ते विसंबून पडतं. पातळ भिंतीत आरपार बोल्ट घालून पलीकडे पट्टी लावावी लागते, हलक्या ब्लॉकमध्ये रसायनाने पक्का होणारा अँकर लागतो. बसवल्यावर घरातल्या धडधाकट माणसाने पूर्ण वजन टाकून ती ओढून बघावी. दांडी मुठीत मावेल एवढीच जाड हवी आणि भिंतीपासून दोन इंचांहून जास्त लांब नको, नाहीतर घसरताना हात मधल्या फटीत अडकतो. दांडी नसेल तिथे माणसं नळाला धरून उठतात, आणि नळ तुटतो.

दाराचंही तसंच. आपल्याकडे संडासाचं दार बहुधा आत उघडतं. आत कोणी पडलं तर अंग दाराला आडवं येतं आणि बाहेरच्यांना दार उघडताच येत नाही. दार बाहेर उघडणारं हवं आणि कडी बाहेरूनही नाण्याने फिरवता येईल अशी हवी. गावात स्वच्छ भारत योजनेत १२,००० रुपयांच्या अनुदानावर बांधलेल्या शौचालयांची आतली जागा अनेकदा तीन बाय चार फुटांच्या आसपास असते आणि भांडं बैठं असतं. गुडघे वाकत नसलेली म्हातारी त्यात बसूच शकत नाही. मुख्यमंत्री वयोश्री योजनेतून २०२४ पासून साधनांसाठी ३,००० रुपये मिळतात, त्यातून कमोडची खुर्ची घेता येते. ती त्या जागेत भांड्याच्या दोन्ही बाजूंना पाय ठेवून उभी राहते का, हे कोणी मोजत नाही. मग खुर्ची परसात कोंबड्यांसाठी लागते आणि म्हातारी पुन्हा उजाडायच्या आत शेताकडे जाते. आधी आतलं माप घ्यायचं आणि मग खुर्ची आणायची, एवढं आशाताई किंवा ग्रामसेवकांनी पाहिलं तरी त्या ३,००० रुपयांचं चीज होईल.

आणि बाहेर? तालुक्याच्या बाजाराला जायचं असलं की बायका सकाळपासून पाणी पीत नाहीत. त्यातून लघवीचा जंतुसंसर्ग होतो, बद्धकोष्ठ होतं, उन्हात चक्कर येते. दवाखान्यात त्यावर गोळ्या मिळतात. स्टँडवरच्या शौचालयाला कुलूप का, हे केसपेपरवर कधी येत नाही.

रस्त्यांबाबत आपल्याकडे नियमांची कमतरता नाही. रस्त्यांची मानकं ठरवणाऱ्या इंडियन रोड्स काँग्रेसच्या २०१२ च्या मार्गदर्शक तत्त्वांनुसार पदपथावर किमान १.८ मीटर मोकळी वाट हवी आणि त्याची उंची १५० मिलिमीटरपेक्षा जास्त नको. प्रत्यक्षात पदपथ गुडघ्यापर्यंत चढतो आणि दर वीस पावलांवर कुठल्या तरी सोसायटीच्या फाटकासाठी खाली उतरतो. काठीवाला माणूस ही चढउतार टाळून रस्त्यावरून चालतो आणि मग ‘म्हातारे रस्त्यामधून चालतात’ म्हणून बोलणी खातो. सिग्नलचं गणित तर सरळ अन्यायाचं आहे. पादचाऱ्याचा वेग सेकंदाला १.२ मीटर धरून वेळ लावायची पद्धत आहे. अठरा मीटरचा रस्ता या हिशेबाने १५ सेकंदांत पार होतो. गुडघे दुखणारं माणूस ०.७ मीटरने चालतं, त्याला जवळपास २६ सेकंद लागतात. म्हणजे दिवा लाल होतो तेव्हा ते रस्त्याच्या मध्याच्या थोडंच पुढे असतं. दवाखाने, बँका आणि भाजी मंडईसमोरच्या सिग्नलांना दहा सेकंद वाढवून देणं ही वाहतूक शाखेच्या एका आदेशाची गोष्ट आहे.

एसटीने ऑगस्ट २०२२ पासून पंचाहत्तरी ओलांडलेल्यांना मोफत प्रवास दिला, ६५ ते ७५ वयोगटाला निम्मं भाडं आहे. ही फार मोठी गोष्ट आहे, तिच्यामुळे कितीतरी माणसं लेकीकडे जाऊ लागली. पण तिकीट फुकट झालं तरी पायरी तेवढीच उंच राहिली. स्टँडवर फलाटाला बस टेकून उभी न राहता चार हात लांब थांबली की पहिली पायरी गुडघ्याच्या उंचीवर येते. चालकाने बस फलाटाला लावणं, वाहकाने म्हातारं माणूस बसल्याशिवाय घंटी न देणं, यांना पैसे लागत नाहीत. आगारप्रमुखाने ते कामाचा भाग मानायला हवं.

चांगला भोवताल कुणाच्या वाट्याला येतो, हा समतेचा प्रश्न आहे. पुण्यात जंगली महाराज रस्त्यावर पदपथ रुंद झाले, बसायला जागा झाल्या, तिथे संध्याकाळी म्हातारी माणसं निवांत दिसतात. त्याच शहरात पर्वतीच्या उतारावरच्या जनता वसाहतीत वरच्या ओळींतल्या घरांपर्यंत अरुंद, उंच पायऱ्यांच्या बोळांतूनच जावं लागतं. छाती दुखू लागलेल्या माणसाला तिथून खाली आणायचं म्हणजे चार जणांनी उचलायचं. त्या बोळांना दोन्ही बाजूंनी लोखंडी कठडा लावणं हे पदपथ सुशोभित करण्यापेक्षा स्वस्त काम आहे. ते आधी व्हायला हवं होतं.

मुंबईत झोपडपट्टी पुनर्वसनाच्या इमारतींनी घराचं माप २२५ चौरस फुटांवरून २६९ आणि मग ३०० केलं, घरात संडास दिला, लिफ्ट दिली. सार्वजनिक संडासाच्या रांगेतून सुटका होणं ही म्हाताऱ्या बाईसाठी केवढी मोठी गोष्ट आहे, हे त्या रांगेत उभं राहिलेल्यालाच कळेल. पण लिफ्टचं वीजबिल आणि देखभाल सोसायटीने भरायची असते, आणि रोजंदारीवरची कुटुंबं ती दर महिन्याला भरू शकत नाहीत. लिफ्ट बंद पडली की सातव्या मजल्यावरचं म्हातारं माणूस तिथेच अडकतं. जिना नको म्हणून वृद्ध खालचा मजला मागतात. गोवंडी-मानखुर्दच्या काही पुनर्वसन वसाहतींत इमारती एकमेकींना इतक्या चिकटून आहेत की खालच्या घरांत ऊन आणि वारा पोचत नाही, आणि तिथल्या अभ्यासात खालच्या मजल्यांवर क्षयरोगाचं प्रमाण जास्त आढळलं. वर राहिलं तर कोंडून पडायचं, खाली आलं तर अंधारात खोकत बसायचं. हे आराखडा मंजूर होताना टेबलावर ठरलं. दोन इमारतींमधलं अंतर आणि दहा वर्षांचा लिफ्ट देखभाल निधी या दोन अटी कठोर ठेवल्या असत्या तर ही निवड कुणावर आली नसती.

मध्यमवर्गाच्या पुनर्विकासातही म्हाताऱ्यांचा विचार कमी होतो. चार वर्षं भाड्याच्या घरात, वेगळ्या उपनगरात काढायची म्हणजे नेहमीचा डॉक्टर, वाणी आणि कट्टा एकदम सुटतो. परत येईपर्यंत त्या कट्ट्यावरचे काही जण राहिलेले नसतात. पर्यायी जागा एक-दोन किलोमीटरच्या आत द्यावी, निदान सत्तरीपुढच्या सभासदांना, अशी अट करारनाम्यात घालता येते. सोसायट्या पार्किंगवर तीन बैठका घेतात, या मुद्द्यावर एकही नाही. माणसांची सोबत ही औषधाइतकीच गरजेची आहे. स्मृतिभ्रंशाच्या टाळता येण्याजोग्या चौदा कारणांची जी यादी ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकाच्या आयोगाने २०२४ मध्ये दिली, तिच्यात एकाकीपण आहे, ऐकू कमी येणं आहे, दिसणं कमी होणं आहे, दूषित हवा आहे आणि लहानपणी शिक्षण न मिळणंही आहे. शेवटचं कारण ज्यांच्या बाबतीत घडून गेलं त्या बायका आज सत्तरीत आहेत. त्यांना निदान चष्मा, कानाचं यंत्र आणि बोलायला माणूस तरी मिळावा.

खेड्यात वेगळंच दृश्य आहे. बीड जिल्ह्यातल्या ऊसतोडीच्या गावांत दिवाळीनंतर धडधाकट माणसं कारखान्यांच्या पट्ट्यात जातात ती उन्हाळ्याच्या तोंडावर परत येतात. मागे उरतात म्हातारी माणसं आणि शाळकरी नातवंडं. म्हणजे ज्यांची काळजी घ्यायची तीच माणसं पाच-सहा महिने दुसऱ्यांची काळजी घेतात, पाणी भरतात, स्वयंपाक करतात. ‘मुलांनी आई-बापांना सांभाळावं’ हे आपण सहज म्हणून जातो, आई-वडील आणि ज्येष्ठ नागरिकांच्या पालनपोषणाच्या २००७ च्या कायद्यात दरमहा १०,००० रुपयांपर्यंत निर्वाहभत्त्याची तरतूदही आहे. पण मुलगा कोयता घेऊन फडात असेल तर प्रांताच्या न्यायाधिकरणापुढे त्याला उभं करून काय साधणार? शिवाय घरात सांभाळणारं माणूस म्हणजे प्रत्यक्षात सूनच. उंच कमोड आणि पक्की दांडी असली तर तिला दिवसातून सहा वेळा सासूला उचलावं लागत नाही, तिचीही पाठ वाचते.

पैशांचं पाहा. गरीब वृद्धांसाठीच्या राज्याच्या श्रावणबाळ पेन्शन योजनेतून महिना १,५०० रुपये मिळतात, त्यासाठी कुटुंबाच्या वार्षिक उत्पन्नाची अट वर्षानुवर्षं २१,००० रुपयांचीच राहिली. ३०० रुपये रोजाने घरातलं एक माणूस वर्षात ७१ दिवस कामाला गेलं तरी ही मर्यादा ओलांडली जाते. म्हणजे अट पाळायची तर तलाठ्याकडून खोटं उत्पन्न लिहून घ्यावं लागतं, आणि ज्याला ते जमत नाही तो वगळला जातो. या पेन्शनमधला केंद्राचा वाटा ८० वर्षांखालच्यांसाठी दीड दशकाहून जास्त काळ महिना २०० रुपयांवर थांबला. मंजुरी मिळाल्यावरही बँकेत अंगठा उमटत नाही. आयुष्यभर खुरपणी केलेल्या, भांडी घासलेल्या हातांच्या रेषा झिजलेल्या असतात, यंत्र दोनदा-तीनदा नाकारतं आणि बाईला ‘उद्या या’ म्हणतात. हात कोमट पाण्याने धुऊन, थोडं तेल चोळून, पुसून, दुसऱ्या बोटाने प्रयत्न केला तर अनेकदा जमतं. नाही जमलं तर डोळ्यांवरून किंवा चेहऱ्यावरून ओळख पटवता येते. ही सोय प्रत्येक केंद्रावर असावी आणि नसेल तर परत पाठवण्याऐवजी वहीत नोंद करून रक्कम द्यावी. ज्यांनी जास्त कष्ट केले त्यांचेच अंगठे झिजलेत, आणि त्यांनाच पैसे मिळायला अडचण येते. याला दुसरा शब्द नाही, हा अन्याय आहे.

या पेन्शनसाठीची पासष्ट वयाची अटही तशीच. कार्यालयात बसून काम केलेला माणूस पासष्टीला ताठ असतो. डोक्यावर मोळ्या वाहिलेली बाई पन्नाशीतच म्हातारी होते आणि पंधरा वर्षं योजनेची वाट पाहते. अंगमेहनतीच्या कामगारांसाठी ही अट पंचावन्नवर आणायला हवी.

विदर्भातल्या उन्हाळ्याचाही उल्लेख करायलाच हवा. वयाबरोबर घाम कमी येतो, तहान लागल्याचं लवकर कळत नाही. चंद्रपूर-नागपूरला मे महिन्यात पत्र्याच्या खोलीत रात्रीही उकाडा उतरत नाही आणि शरीराला सावरायला वेळच मिळत नाही. सिमेंटच्या स्लॅबवर चुन्याचे दोन-तीन हात दिले तर खोली थंड राहते. पत्र्यावर मात्र चुना टिकत नाही, तिथे पांढरा परावर्तक रंग लावावा, किंवा आतून सात-आठ इंच अंतर सोडून बांबूच्या तट्ट्या टांगाव्या आणि दोन्ही टोकांना वारा निघायला फट ठेवावी. फट विसरली तर वरची गरम हवा तिथेच कोंडते आणि मेहनत वाया जाते.

पैसा कुठून आणायचा, असं विचारलं जातं. स्थानिक संस्थांना स्वनिधीतला ५ टक्के वाटा दिव्यांगांसाठी खर्च करणं बंधनकारक आहे, आणि अनेक ठिकाणी तो वर्षअखेरीला घाईघाईने साहित्य वाटून संपवला जातो. कठडा, उतार, उंच कमोड, बाहेर उघडणारं दार हे दिव्यांगांना आणि वृद्धांना सारखंच लागतं. त्यासाठी नवं खातं उघडायची गरज नाही. २ ऑक्टोबरच्या ग्रामसभेपासून पुढच्या वर्षाच्या विकास आराखड्याची तयारी सुरू होते. त्या सभेत ज्येष्ठांनी चार कामं लिहून द्यावीत आणि ठरावात घालून घ्यावीत: आरोग्य उपकेंद्राच्या पायऱ्यांना दोन्ही बाजूंनी कठडा आणि १:१२ चा उतार, म्हणजे एक फूट चढायला बारा फूट लांबी, ग्रामपंचायतीत आणि स्टँडवर प्रत्येकी एक उंच कमोडचा, कुलूप नसलेला संडास, पाणवठ्यापासून देवळापर्यंतच्या वाटेवर बसायला दोन-तीन बाकं, आणि पेन्शनच्या दिवशी बँक मित्राने गावातच यायचं. ठरावाची प्रत हातात घेतल्याशिवाय सभेतून उठू नये, आणि मार्चमध्ये ती प्रत घेऊन ग्रामसेवकांकडे जावं. शहरात हेच काम प्रभाग समितीच्या अंदाजपत्रकाच्या वेळी करायचं आहे, आणि तिथे ज्येष्ठ नागरिक संघांनी आपल्या सभासदांपुरतं न मागता वस्तीतल्या बोळांचा कठडा यादीत पहिला लिहावा.